कांचेच्या पेटींतलें तळें

आमच्या दिवाणखान्यांत पूर्वेच्या भिंतीशीं दोन फूट लांबीची एक कांचेची पेटी आहे. घरीं येणारी मंडळी तिच्यासमोर उभी राहिली कीं, बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "पण यांत मासे कोठें आहेत हो ?" मासे असतात. ते लहान आहेत, संख्येनें थोडे आहेत, आणि हिरव्या गर्दींतून केव्हां बाहेर यावयाचें तें त्यांचे तेच ठरवितात. पेटींतलें मुख्य पीक माशांचें नसून झाडांचें आहे, ही गोष्ट पाहुण्यांच्या ध्यानांत यावयास थोडा वेळ लागतो. दुकानदार अशा पेटीस 'प्लांटेड टँक' म्हणतात. मराठींत तिला सुटसुटीत नांव अजून रूढ झालेलें दिसत नाहीं. आमचे मामंजी तिला 'तळें' म्हणतात, व घरांत आतां सर्वांच्या तोंडीं तेंच बसलें आहे.

हें तळें कसें करावें, असें विचारणाऱ्या मैत्रिणींस मीं आजवर तोंडीं उत्तरें दिलीं. तींच येथें सविस्तर लिहीत आहें. मात्र आरंभ फजितीपासून करावा लागेल. कारण जें कांहीं शिकलें, तें फजितींतूनच शिकलें.

पांच वर्षांपूर्वीं मुलीच्या वाढदिवसासाठीं आम्हीं बाजारांतून कांचेचें एक गोल भांडें, दोन सोनेरी मासे, निळ्या रंगाचे खडे आणि प्लॅस्टिकचें एक झुडूप आणलें. मामंजींना हा प्रकार मुळींच रुचला नाहीं. ते पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झालेले. सारा जन्म कालव्यांवर आणि धरणांवर गेला. सासूबाई गेल्यापासून त्यांचें बोलणें फार कमी झालें होतें, पण त्या दिवशीं ते एक वाक्य बोलले : "वाहत्या पाण्यांतला जीव वाटींत ठेवून त्याची शोभा करायची, हें कांहीं बरें नव्हे." मीं तें फारसें मनावर घेतलें नाहीं.

दर रविवारीं मी भांडें संपूर्ण रिकामें करीत असें, खडे कढत पाण्यानें धूत असें, कांच लख्ख पुशीत असें आणि नळाचें ताजें पाणी भरून मासे परत सोडीत असें. तिसऱ्या आठवड्यांत एक मासा उताणा तरंगूं लागला, चौथ्यांत दुसरा. मुलगी दोन दिवस धड जेवली नाहीं. मामंजींनीं पारिजातकाच्या बुंध्याशीं खुरप्यानें लहानसा खड्डा केला, मासा पुरला, आणि हात धुऊन ते आपल्या खुर्चींत जाऊन बसले. एक अक्षरही बोलले नाहींत. बोलले असते तर मला बरें वाटलें असतें.

माझी समजूत अशी कीं, इतकी स्वच्छता राखूनही मासे मेले, त्या अर्थीं दोष माशांतच असला पाहिजे. पुढें पुस्तकें चाळल्यावर कळलें तें अगदीं उलट. ते मासे माझ्या स्वच्छतेनेंच मेले होते.

मासा आपल्या कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकीत असतो. उरलेलें अन्न आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो, आणि हा अमोनिया माशाला विष आहे. नदींत किंवा तळ्यांत ह्या विषाचा निचरा सूक्ष्म जंतु करतात. कांहीं जंतु अमोनियाचें नायट्राइट करतात, दुसरे कांहीं त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच, नायट्रेट मात्र त्या मानानें पुष्कळ सौम्य. हे जंतु पाण्यांत फारसे तरंगत नाहींत. ते खड्यांना, वाळूला, कांचेला चिकटून वस्ती करतात, आणि ती वस्ती नीट भरण्यास चार-सहा आठवडे लागतात. मी दर रविवारीं कढत पाण्यानें ती वस्ती उठवीत होतें. वर नळाच्या पाण्यांतील क्लोरीनचा मारा होताच. भांडें लहान, विष फार, आणि निचरा करणारा कोणी नाहीं. देवघरांतल्या उपकरण्यांस जो नियम, तो तळ्यास लावावयाचा नसतो, हें मला कोणीं सांगितलेंच नव्हतें.

ही अडचण जुनी आहे, आणि तिच्यांतून वाट काढण्याची हकीकतही जुनीच आहे. लंडनमध्यें रॉबर्ट वॉरिंग्टन नांवाचा एक रसायनशास्त्रज्ञ होता. त्यानें बारा गॅलनांच्या कांचेच्या पात्रांत वाळू, चिखल व दगड घालून दोन सोनेरी मासे सोडले आणि व्हॅलिस्नेरिया नांवाच्या पाणवनस्पतीचें एक रोप लावलें. मासा जो वायु सोडतो तो वनस्पतीनें घ्यावा, वनस्पति जो सोडते तो माशानें घ्यावा, असा त्याचा हिशेब. कांहीं दिवस तो हिशेब जुळला. पुढें जुनीं पानें कुजूं लागलीं आणि पाणी गढूळ झालें. तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनीं कुजकीं पानें खाऊन टाकलीं, आणि त्यांचीं अंडीं माशांस खाद्य झालीं. पाणी न बदलतां पात्र स्वच्छ राहिलें. हा प्रयोग त्यानें १८५० मध्यें रसायनशास्त्रज्ञांच्या सभेपुढें मांडला. तीन वर्षांनीं, १८५३ मध्यें, लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत लोकांसाठीं मत्स्यगृह उघडलें, आणि १८५४ मध्यें फिलिप हेन्री गॉस ह्याच्या ग्रंथामुळें 'अॅक्वेरियम' हा शब्द घरोघर पोहोंचला. म्हणजे घरगुती मत्स्यपेटी जन्मली तीच मुळीं झाडासह. प्लॅस्टिकचें झुडूप ही मागाहूनची अधोगति.

वॉरिंग्टनचा हिशेब बरोबर होता, पण त्यांतली एक मोठी रक्कम त्याला दिसली नव्हती. झाडें माशांस प्राणवायु देतात हें खरें. परंतु त्याहून मोठा उपकार म्हणजे तीं पाण्यांतला अमोनिया परस्पर शोषून घेतात. आपल्याला जें विष, तें त्यांचें खत. अमेरिकेंतील डायाना वॉल्स्टड ह्या बाईंनीं १९९९ मध्यें प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत ह्या गोष्टीवर फार भर दिला आहे. साधी बागेंतली माती, वर वाळू, भरपूर झाडें, थोडे मासे, आणि यंत्रांची गर्दी शक्य तितकी कमी, ही त्यांची पद्धति. मध्यमवर्गीय घराला हीच मानवते, आणि पुढें मी जें सांगणार आहें तें बहुतांशीं ह्याच पद्धतीचें आहे.

ह्याखेरीज आणखी दोन घराणीं प्रसिद्ध आहेत. एक हॉलंडचें. त्यांत दगड-लाकडांस जवळ जवळ स्थान नाहीं. रंगांच्या व पानांच्या आकारांच्या भेदानें झाडांच्या रांगा रचावयाच्या, जणूं फुलबागेचे ताटवेच. दुसरें घराणें जपानचें. त्याचा प्रवर्तक ताकाशी आमानो (१९५४–२०१५) हा निइगाता प्रांतांतला. आधीं सायकलच्या शर्यती खेळणारा, मग निसर्गाचीं छायाचित्रें घेणारा. अरण्यांत आणि डोंगरांत जें पाहिलें तें पाण्याखालीं मांडावें, असें त्याच्या मनानें घेतलें. त्याची रचना पाहतांना पाणी आहे हेंच विसरावयास होतें. कुरणावर वारा वाहून गेल्यासारखें गवत, त्यांत तीन किंवा पांच शिळा. शिळांची संख्या विषम, त्यांत एक मुख्य, व बाकीच्या तिच्याकडे कललेल्या. पोर्तुगालांत लिस्बन येथील मत्स्यालयांत त्यानें चाळीस मीटर लांबीचें पाण्याखालचें अरण्य उभारलें. तें २०१५ मध्यें लोकांस खुलें झालें आणि त्याच वर्षीं तो वारला. त्याचीं चित्रें अवश्य पाहावीं. पण पहिल्याच पेटींत त्याची बरोबरी करूं जाऊं नये. त्या चित्रामागें रोजची छाटणी आणि हिशेबी खत-वायु असतो.

आतां कृति.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच, इतकी तरी असावी. लहान पेटी सोपी, ही समजूत चुकीची आहे. पाणी जितकें थोडें, तितकी त्याची प्रकृति लवकर बिघडते. ह्या मापाची पेटी पाणी, माती व दगड मिळून पाऊणशें किलोंच्या घरांत जाते, तेव्हां तिपाईवर किंवा पुस्तकांच्या कपाटावर ती ठेवूं नये. भक्कम, सपाट बैठक करावी, आणि कांचेखालीं थर्मोकोलचा पातळ थर घालावा. जागा खिडकीपासून दूर असावी. हें मीं मानलें नाहीं, त्याचें फळ पुढें सांगेन.

तळाशीं एक इंच माती. कुंडींतली जुनी, चाळलेली माती चालते. शेणखत, निंबोळी पेंड किंवा रासायनिक खत मिसळलेली मात्र मुळींच नको. कोंकणांतल्या वाचकांना एक सोय घरचीच आहे. जांभ्याचा चुरा मूठभर त्यांत मिसळावा. त्यांतल्या लोहाचा झाडांच्या मुळांना उपयोग होतो. जर्मनींतील छंदी मंडळींनीं तर हा जांभा विकत घेऊन आपल्या पेट्यांच्या तळाशीं घातला आहे; आपल्याकडे तो अंगणांत पडलेला असतो. मातीवर दीड इंच जाड, खळखळून धुतलेली वाळू. ती मातीला दाबून धरते. नाहीं तर पाणी ओततांच सारा गाळ वर येतो.

दगड निवडतांना त्यावर व्हिनेगारचे चार थेंब टाकून पाहावे. फेस आला तर त्यांत चुना आहे. तो पाण्यांत उतरून पाणी जड करतो. सह्याद्रीचा काळा दगड बहुधा निर्धोक असतो, मात्र पांढऱ्या शिरा असलेला टाळावा. लाकूड घालावयाचें तर दुकानांतलें, पाण्यांत बुडणारें घ्यावें आणि आधीं उकळावें. तरी कांहीं दिवस पाणी फिक्या चहाच्या रंगाचें होतें. त्यानें बिघडत कांहीं नाहीं.

नळाचें पाणी रात्रभर उघड्या बादलींत ठेवावें, म्हणजे क्लोरीन पुष्कळसा उडून जातो. घाई असेल तर जुन्या छायाचित्रकारांच्या अंधारखोलींत असे तो हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन तत्काळ मारतो. दुकानांत त्याचेंच द्रावण लहान बाटल्यांतून मिळतें. पाणी भरतांना वाळूवर बशी ठेवून तीवर धार सोडावी. चार बोटें पाणी झालें कीं झाडें लावून घ्यावीं आणि मग पेटी भरावी.

झाडांविषयीं मात्र थोडें रेंगाळून लिहिणार आहें, कारण ह्या छंदाची खरी गोडी तेथेंच आहे. पुष्कळांस ठाऊक नसतें कीं, जगभरच्या मत्स्यपेट्यांत मिरविणारीं कित्येक झाडें आपल्याच देशांतलीं आहेत. ब्राह्मी घ्या. आजीच्या तेलांतली ब्राह्मी म्हणून जी आपण ओळखतों, ती नीरब्राह्मी पाण्याखालीं सरळ उभी वाढते आणि वर पोहोंचली कीं फिक्या निळसर रंगाचीं चिमुकलीं फुलें धरते. वॉरिंग्टनची व्हॅलिस्नेरिया आपल्या नद्यांतूनही आहे. तिचीं हिरव्या फितीसारखीं लांब पानें पाण्याच्या पृष्ठावर लोळतात. लाल पानांची रोटाला दक्षिण भारतांतली. लिम्नोफिला, जिला व्यापारांत आंबुलिया म्हणतात, ती बारीक चिरलेल्या पानांची, ओल्या पिसासारखी. आणि हायड्रिला तर कोणत्याही ओढ्यांत सांपडते. हिला हिणवूं नये. आचार्य जगदीशचंद्र बोस ह्यांनीं झाडें प्रकाशांत अन्न कसें करतात ह्याच्या शोधासाठीं हीच वनस्पति निवडली होती. तिच्या फांदींतून निघणाऱ्या प्राणवायूच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारें यंत्र त्यांनीं बनविलें, आणि १९२४ सालीं त्यावर ग्रंथ लिहिला. सकाळीं दिवा लागल्यावर तासाभरानें पेटीशीं बसावें. पानांच्या कडांवर तेच बुडबुडे मोत्यांसारखे जमतांना दिसतात.

आरंभीं जलद वाढणारीं झाडेंच पुष्कळ लावावीं. पैसे वांचवून चार काड्या खोंचणें हा खोटा काटकसरीपणा होय. रिकामी जागा दिसली कीं ती शेवाळ बळकावतें. दुसरी सूचना अशी कीं, नव्या झाडांचीं पानें पहिल्या पंधरवड्यांत गळालीं किंवा विरघळलीं तर घाबरूं नये. रोपवाटिकेंत हीं झाडें बहुधा पाण्याबाहेर, दमट हवेंत वाढविलेलीं असतात. पाण्याखालच्या संसाराला निराळीं पानें लागतात, तीं तीं नव्यानें काढतात. क्रिप्टोकोरिनी जातीचीं झाडें तर ह्या बाबतींत फारच हळवीं आहेत. नुसती जागा बदलली तरी पानें टाकतात, आणि महिन्याभरानें मुळांतून पुन्हां फुटतात. मीं पहिलें असें झाड मेलें समजून उपटून फेंकलें, त्याची हळहळ अजून वाटते.

मासे पहिला महिनाभर सोडूं नयेत. ह्या वाट पाहण्यांतच बहुतेकांचें धैर्य सुटतें. मुलगी रोज विचारी, "आज आणायचे का ?" मामंजी पेटीच्या बाजूला पाहतही नसत, निदान मला तसें वाटे.

तिसऱ्या आठवड्यांत शेवाळ आलें. पेटी खिडकीजवळ ठेविली होती, आणि शोभा दिसावी म्हणून दिवाही बारा-बारा तास जळत असे. पानांवर, दगडांवर, कांचेवर हिरवे केस उगवले. मी कंटाळून पेटी उपसण्याच्या बेतांत होतें. दुसऱ्या दिवशीं पाहतें तों मामंजी एका खरखरीत काठीवर तें शेवाळ शेवयांसारखें गुंडाळून काढीत होते. म्हणाले, "कालव्यांत ऊन आणि गाळ दोन्ही फार झाले कीं हें येतं. ऊन कमी करा." पेटी आंत हलविली. दिव्याची वेळ आठ तासांवर आणिली, तीही सलग नव्हे : सकाळीं चार तास, मग विश्रांति, मग संध्याकाळीं चार तास. वॉल्स्टडबाईही हाच उपाय सांगतात. कारण सकाळच्या प्रकाशांत झाडें पाण्यांतला कार्बन डायॉक्साइड संपवून टाकतात, आणि मधल्या अंधारांत तो पुन्हां सांठतो. दुपारीं एक ते चार सर्व व्यवहार बंद ठेवण्याची ही रीत पुण्याच्या घरांत कोणाला समजावून सांगावी लागली नाहीं.

त्या दिवसापासून मामंजींनीं एक पाठकोरी वही घेतली आणि तींत रकाने आखले. तारीख, पाण्याची उष्णता, बाष्पानें उतरलेली पातळी, नवीं पानें. जन्मभर धरणाच्या पातळ्या लिहिलेला हात. अक्षर तेंच, रेघा तशाच. सासूबाई गेल्यानंतर त्या टेबलावर मीं त्यांचा चष्मा प्रथमच उघडलेला पाहिला.

मासे आले ते झेब्रा जातीचे, आठ. दीड इंचाचा, अंगावर निळे उभे-आडवे कांहीं नाहीं तर सरळ शेंपटीपर्यंत गेलेले पट्टे असलेला हा मासा पूर्व भारतांतल्या ओढ्यांतला. आज जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच्या पारदर्शक गर्भावर संशोधन चालतें. त्याच्या आनुवंशिक घटकांचा संपूर्ण आराखडा २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि मनुष्याच्या सुमारें सत्तर टक्के जनुकांना त्याच्यांत जोड सांपडतो. घरच्या पेटीला तो चपळ, काटक आणि अल्पसंतुष्ट म्हणून चांगला. सोनेरी मासा मात्र ह्या पेटींत नको. तो झाडें उपटतो आणि वाढून हातभर होऊं पाहतो. डास होतील अशी शंका शेजारणी काढतात. डासांचीं पिल्लें ह्या माशांना मेजवानीच असते. खाद्य दिवसांतून एकदां, दोन मिनिटांत संपेल इतकेंच. पाहुण्यांच्या मुलांच्या हातीं खाद्याची डबी देऊं नये.

ह्यानंतर मीं जी चूक केली ती लोभाची. झाडें वाढत होतीं, पण आमानोच्या चित्रांतल्यासारखीं नव्हेत. वाचलें होतें कीं, हवेच्या संगतीनें पाण्यांत कार्बन डायॉक्साइड लिटरामागें अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास राहतो. हौशी मंडळी तो नळीनें सोडून वीस-तीसपर्यंत नेतात, आणि मग झाडें उसळून वाढतात. मीं एका बाटलींत साखर, पाणी आणि यीस्ट घालून नळी पेटींत सोडली. दोन दिवस झाडांवर मोत्यांचा पाऊस पडला. मी सर्वांना बोलावून दाखविला.

तिसऱ्या दिवशीं पहांटे चारच्या सुमारास ओतल्या पाण्याचा आवाज आला म्हणून मी उठलें. मामंजी अंधारांत पेटीपाशीं उभे होते. हातांत पूजेचा तांब्या. ते पेटींतलेंच पाणी भरून वीतभर उंचीवरून परत ओतीत होते, पुन्हां भरीत होते, पुन्हां ओतीत होते. आठही मासे पाण्याच्या पृष्ठाशीं तोंडें उघडून धापा टाकीत होते. "नळी काढा," एवढेंच ते म्हणाले. यीस्टला रात्र कळत नाहीं. अंधारांत झाडें तो वायु घेत नाहींत, उलट स्वतःच प्राणवायु खर्च करतात. बाटली मात्र वायु ओततच राहते. पाणी उंचावरून पडलें म्हणजे तो साचलेला वायु सुटतो आणि हवेंतला प्राणवायु मिसळतो. धरणाच्या सांडव्याखालीं मासळी कां जमते तें ठाऊक असलेल्या माणसाला हें पुस्तकांत वाचावें लागलें नाहीं. ते अर्धा तास ओतीत होते. मीं दिवा लावला, नळी काढली, आणि दुसरा तांब्या घेऊन त्यांच्या शेजारीं उभी राहिलें. उजाडतांना सात मासे खालीं उतरले. आठवा नाहीं उतरला. पारिजातकाखालीं या वेळीं खड्डा मीं केला.

ती बाटली मीं पुन्हां जोडली नाहीं. ज्यांना हा वायु द्यावयाचाच असेल त्यांनीं तो दाबाच्या नळकांड्यांतून, दिव्याबरोबर चालू व दिव्याबरोबर बंद होईल अशी झडप लावून द्यावा. लहानसा फिल्टर लावून पाण्याचा पृष्ठभाग हळूहळू हलता ठेवावा हेंही त्याच पहांटेनें शिकविलें. वैशाखांत पाणी तीस अंशांच्या वर गेलें कीं त्यांत प्राणवायु कमी मावतो. तेव्हां पेटीवरून लहान पंख्याचा वारा घालावा, दोन-तीन अंश सहज उतरतात. बर्फ टाकूं नये. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, सगळें कधींच नव्हे. फिल्टरचा स्पंज धुणें तर तो पेटींतून काढलेल्या पाण्यांतच पिळावा. कारण आतां सांगणें न लगे.

दोन गोष्टी मला कळकळीनें सांगावयाच्या आहेत. गेल्या भाद्रपदांत आम्ही कासच्या पठारावर गेलों होतों. तेथें डबक्यांत वायतुरा फुलला होता. गुलाबी-पांढऱ्या, दोन फांट्यांच्या तुऱ्याचा हा पाणवनस्पति साताऱ्याकडच्या सड्यांखेरीज फारसा कोठें नाहीं. शास्त्रज्ञांनीं १९८२ मध्यें त्याचें वर्णन केलें आणि साताऱ्याचेंच नांव त्यास दिलें. त्याच कुळांतलीं झाडें दुकानांत मिळतात, तेव्हां एक कंद उचलावा असें क्षणभर माझ्याही मनांत आलें, हें कबूल करतें. उचलला नाहीं. सड्यावरचें तें चार महिन्यांचें पाणी, तें ऊन, ती माती आपल्या पेटींत येत नाहीं. झाड मरतें, आणि डोंगरावर एक कमी होतें. केरळांतल्या ओढ्यांतला लाल-काळ्या पट्ट्यांचा 'मिस केरळ' मासा, ज्याच्या वंशाला २०१३ पासून शास्त्रज्ञांनीं सह्याद्रीचेंच नांव दिलें आहे, तो अशाच हौसेपायीं ओढ्यांतून इतका उपसला गेला कीं, त्याची गणना आज धोक्यांत असलेल्या जातींत होते. विकत घेणें तर रोपवाटिकेंत वाढलेलें झाड आणि पैदास केलेला मासा मागून घ्यावा.

दुसरी गोष्ट उलट दिशेची. छाटलेल्या फांद्या किंवा नकोसे झालेले मासे नदींत सोडणें हें पुण्यकर्म नव्हे. मुळा-मुठेवर जी जलपर्णी पसरलेली आपण दर उन्हाळ्यांत पाहतों, ती दक्षिण अमेरिकेंतून फुलांच्या शोभेसाठींच आपल्या देशांत आणिली गेली होती. आमच्या छाटण्या पारिजातकाच्या आळ्यांत वाळतात.

पेटीला आतां चार वर्षें झालीं. मासे अकरा आहेत. मामंजींच्या वह्या तीन भरल्या, चौथी चालू आहे. गेल्या श्रावणांत व्हॅलिस्नेरियाच्या मुळापासून दोऱ्यासारखा एक देंठ निघाला, वळसे घेत घेत वर आला, आणि पाण्याच्या पृष्ठावर तांदुळाच्या कणीएवढें फूल उमललें. हें स्त्रीपुष्प. नरपुष्पें निराळ्या झाडावर, तळाशीं येतात. तीं देंठापासून सुटून वर तरंगत येतात आणि पाण्याच्या लहरीबरोबर स्त्रीपुष्पापर्यंत जातात. मीलन झालें कीं देंठाचे वळसे आवळतात आणि फळ पुन्हां पाण्याखालीं खेंचलें जातें. आमच्या पेटींतलीं सारीं झाडें एकाच रोपाचीं पिल्लें, म्हणून सगळीं स्त्रीजातीचीं. फूल आठवडाभर वर राहिलें आणि तसेंच सुकलें. मामंजी रोज भिंग घेऊन बघत होते.

तेव्हांपासून त्यांनीं ओळखीपाळखींत चौकशी चालविली आहे. ज्यांच्या घरीं पेटी आहे त्यांच्याकडे जातात, खुर्ची ओढून तळाशीं वांकून पाहतात. मागच्या महिन्यांत एका स्नेह्यांकडून ओल्या फडक्यांत गुंडाळून एक रोप आणलें आहे. तें नर असावें असा त्यांचा अंदाज. लावून पांच आठवडे झाले, नवीं तीन पानें आलीं. वहींत 'नरपुष्प' असा एक नवा रकाना आखला आहे. तो अजून कोरा आहे. आणि कोणी पाहुणा पेटीसमोर उभा राहून मासे कोठें म्हणून विचारूं लागला, तर ते खुर्चींतून उठतात, त्याच्या हातीं भिंग देतात आणि म्हणतात, "मासे मग पाहा. आधीं इकडे, खालीं, मुळाशीं पाहा कांहीं दिसतं का. माझी नजर आतां पूर्वीची राहिली नाहीं."